आमच्यात ‘सुटणं’ म्हणजे

६ एप्रिल १९९७
कॅम्प

वुथी,

आधी हे वाच. इथली पत्रं उघडली जातात. आत येणारी आणि बाहेर जाणारीसुद्धा. हार्गिस नावाचे अधिकारी आहेत, ते ओठ हलवत वाचतात. तेव्हा शिव्या कमी घाल, नाहीतर त्यांचे ओठ दुखतील.

मी बरा आहे. दिवसभर डोंगरावर झुडपं तोडतो, म्हणजे उन्हाळ्यात वणवा लागला तर खालची बंगलेवाल्यांची घरं वाचतील. जेवायला जाताना रांग करतात आणि डावा पाय आधी टाकायला लावतात. माझा उजवाच पडतो. हार्गिस म्हणाले, “ओचोआ, तू मुद्दाम करतोस.” मी म्हटलं, “नाही सर, मी उलटपाया आहे.” त्यांना वाटलं मी उलट बोललो. स्केटबोर्डवर उजवा पाय पुढे ठेवणाऱ्याला आपण काय म्हणतो हे त्यांना कोण सांगणार? शिक्षा म्हणून सगळ्यांची भांडी घासली.

त्या सिक्युरिटीवाल्याच्या गाडीची फोडलेली काच मला इथे जूनच्या मध्यापर्यंत पुरणार आहे. नीट वागलो तर.

आता जिन्याचा कठडा. तो जागेवर आहे ना? झोपण्याआधी मी रोज डोळे मिटून तो करतो. उडी. बोर्ड आडवा. पाठ उताराकडे, म्हणून जमीन दिसत नाही. ती दिसायच्या आत वळायचं. डोक्यात मी एकदाही पडत नाही, आणि म्हणूनच मला भीती वाटते.

लॉनी आपल्या सगळ्यांची जी स्केटिंगची फिल्म काढतोय, तिचा शेवटचा भाग माझा आहे. तो सगळ्यांदेखत बोलला होता. शेवटी पाठमोरा, मग काळा पडदा, मग नावं. माझ्या आधी दुसऱ्या कोणाचा कॅमेऱ्यावर आला तर माझी नुसती नक्कल. नियम तुला माहीत आहे. त्या जिन्यावर माझा दात पडलाय, दुसऱ्या कोणाचा नाही.

कोणी चढलं नाही ना?

एफ्राइन

१२ एप्रिल
लाँग बीच

एफ्राइन,

कोणी चढलं नाही. कठडा हिरवाच आहे, जागेवर आहे. मी जवळजवळ रोज तिथून जातो.

माझी आई दर शनिवारी विचारते, “तो दातपड्या कुठे गेला?” तिला सांगितलंय की तू डोंगरावर झाडं तोडायच्या कामाला लागलास. ती म्हणाली, “बघ, त्याला काम मिळालं. तू अजून डोनट तळतोस.” तुझ्यासाठी खोकं भरून देणार होती. मी म्हटलं, तिथे खायचं पाठवू देत नाहीत. आता तिला वाटतं की तुझा मुकादम फार वाईट आहे. (हार्गिस सर, माफ करा.)

लॉनी बरा आहे. नवीन काच आणली आहे कॅमेऱ्याला. त्यातून पाय मोठे दिसतात आणि डोकं लहान. म्हणतो, तुम्हा लोकांसाठी अगदी योग्य. पण घाई करतोय. शाळा संपली की बोर्डच्या दुकानात पडदा लावून फिल्म दाखवायची आहे आणि शेवटचा भाग रिकामा आहे. काल म्हणाला, “तो येणार नसेल तर सांगा, मी दुसरं काही लावतो.” मी म्हटलं, येणार आहे.

एक सांगायचं होतं. कठड्याच्या मधल्या वेल्डपाशी रंगाचा पोपडा उडालाय, तिथे बोर्ड जरासा अडतो. आलास की आधी मेण लाव.

वुथी

२० एप्रिल
कॅम्प

वुथी, लेका!

एक दिवसाची रजा. शनिवार, १० मे. आई सकाळी न्यायला येणार, संध्याकाळी परत आणून सोडणार. हार्गिसनी कागद समोर ठेवला आणि म्हणाले, “सही कर. आणि त्या शनिवारची लाज राख.” मी डावा पाय आधी टाकत बाहेर आलो, देवाशप्पथ.

आईला सांगितलंय की दुपारचा थोडा वेळ माझा. ती म्हणाली, “मुलगी आहे का?” मी म्हटलं, “हो. हिरवी आहे.” तिला कळलं नाही. बरं झालं.

तू तयारी कर. लॉनी, कॅमेरा, मेण, सगळं. कधी, कुठून, कसं, मला लिहून कळव. फक्त कोणत्या जागेबद्दल बोलतोयस ते नाव कुठेही येऊ देऊ नकोस. रजेवर असताना मी तिथे पाय ठेवलेला त्यांना चालणार नाही. तुला कळतंय मी काय म्हणतो ते.

रोज रात्री गुडघे वाकवून बसतो. शेजारच्या खाटेवरचा मुलगा विचारतो, प्रार्थना का? मी हो म्हणतो.

एफ्राइन

२७ एप्रिल
लाँग बीच

एफ्राइन,

शनिवार ठरला. जागेचं नाव कुठेच लिहीत नाही, बघ.

पहारेकरी साडेबाराला जेवायला जातो. त्याआधी हलू नकोस. मागच्या कुंपणाची जाळी मी कोपऱ्यात उचलून ठेवली आहे, माणूस आरामात निघेल. लॉनी गाडी घेऊन बाहेर झाडाखाली थांबेल, इंजिन चालू ठेवून, म्हणजे कोणी आलंच तर वेळ जायला नको.

तुला वाटेल तेवढा वेळ नाही मिळणार, म्हणून आधीच सांगतो. पहिल्या टप्प्यात जरा जरी बरोबर वाटलं नाही तर तिथेच सूट. मध्यावर जाऊन सुटलास तर हाडं मोडतील. आणि एकदा पार झालास की मागे बघू नकोस. सरळ फाटकाबाहेर जा. आम्ही तुझ्या मागेच असू.

एक वाईट बातमी आहे. उन्हाळ्यात येणार होते ती माणसं आता सोमवारी, १२ तारखेलाच येणार आहेत. लोखंडी गाठी वेल्ड करून जाणार, मग वरून काही घसरायचं नाही. म्हणजे त्या शनिवारी झालं तर झालं. नंतर कधीच नाही.

माझी आई म्हणते, दातपड्या येणार असेल तर त्याला उपाशी पाठवू नकोस.

वुथी

४ मे
कॅम्प

वुथी,

हार्गिसनी मला ऑफिसात बोलावलं. तुझं पत्र टेबलावर होतं. काही शब्दांखाली लाल रेघा.

“कोणता पहारेकरी साडेबाराला जेवायला जातो?”

मी त्या लाल रेघा मोजल्या.

“इथले दोघं साडेबारालाच जातात, ओचोआ. हे बाहेरच्या पोराला कोणी सांगितलं? कुठली जाळी उचलली आहे?”

शाळेचा जिना म्हणालो असतो तर रजा गेलीच असती. मला वाटलं, गप्प राहून वाचेल.

“‘पहिल्या टप्प्यात सूट.’ ‘पार झालास की मागे बघू नकोस.’ गाडी. चालू इंजिन. मला वाचता येतं, मुला.”

तेव्हा मी म्हटलं, “सर, ते स्केटबोर्डबद्दल आहे.”

“स्केटबोर्डवर सुटतात?”

“हो सर. म्हणजे, नाही. म्हणजे सुटतात.”

ते हसले नाहीत. आधी जाऊन त्यांनी आमचं मागचं कुंपण हाताने हलवून बघितलं. आवारभर.

रजा रद्द. माझ्या कागदांवर ‘पळून जाण्याचा बेत’ असं आलंय. महिनाअखेरीस ते कागद वर जाणार. तो शेरा राहिला तर जून नाही. ख्रिसमसही नाही. आईला अजून कळवलेलं नाही.

मग मी तुझी पत्रं काढून पुन्हा वाचली. दुसरं काही वाचायला नाहीच इथे. मधल्या वेल्डपाशी बोर्ड जरासा अडतो, म्हणतोस तू. वुथी, ते खालून बघून कळत नाही. जवळ उभं राहून, हात फिरवूनही कळत नाही. ते एकाच प्रकारे कळतं. ‘कोणी चढलं नाही’ त्याच पत्रात आहे, त्याच शाईत.

तुला माहीत होतं पत्रं वाचली जातात. मीच तुला पहिल्या ओळीत सांगितलं होतं. तरी तू असं पत्र लिहिलंस. माझ्यापुढे आता दोनच गोष्टी आहेत. एक, तू मूर्ख आहेस. पण तू आठ वर्षांचा होतास तेव्हापासून मी तुला ओळखतो आणि तू मूर्ख नाहीस.

शनिवार तुझा. घे.

उत्तर पाठवू नकोस.

ए. ओ.

७ मे
लाँग बीच

एफ्राइन,

पाठवतोय.

हो, चढलो होतो. मार्चमध्ये, तू गेल्यावर लगेच. दोनदा. लॉनी नव्हता, कॅमेरा नव्हता, कोणी नव्हतं. तुझं जे होतं ते काय आहे हे मला पायाला कळायला हवं होतं. दोन्ही वेळा वेल्डच्या पुढे गेल्यावर सुटलो. तू नेहमी म्हणतोस ना, वुथी चढतो आणि सुटतो. तसंच. तुला सांगायला हवं होतं. लाज वाटली. चढल्याची नाही, सुटल्याची.

पत्राचं मात्र तसं नाही. तू म्हणालास, नाव लिहू नकोस. मी नाव काढलं. नाव काढल्यावर मागे काय उरलं ते मी वाचून बघितलं नाही. एवढंच आहे. यावर तू विश्वास ठेवावास असं माझ्याकडे काही नाही.

लॉनीला सांगितलं तू येत नाहीस. तो म्हणाला, “मग तू कर.” मी म्हटलं, तो एफ्राइनचा आहे. म्हणाला, “सोमवारनंतर तो कोणाचाच नाही. तुझे गुडघे चांगले आहेत आणि शनिवारी ऊन आहे. नुसता रिकामा कठडा घालवतोस का?”

शनिवारी मी तिथे जाणार आहे. लॉनी येणार आहे, कॅमेराही. का ते लिहीत नाही. मी जे लिहितो आणि जे वाचलं जातं त्याची मला आता भीती वाटते.

वुथी

११ मे
लाँग बीच

माननीय हार्गिस सर,

मी वुथी छिम. २७ एप्रिलचं पत्र लिहिणारा तो मीच. एफ्राइन ओचोआने तुम्हाला खरं सांगितलं, पण त्याला नीट सांगता आलं नाही, कारण सगळं सांगितलं असतं तर मी अडकलो असतो. म्हणून मी सांगतो.

जिना आमच्या शाळेचा आहे. मागच्या बाजूचा. पहारेकरी शाळेचा आहे. तुमचेही साडेबाराला जेवतात हे मला माहीत नव्हतं. सगळेच साडेबाराला जेवतात, सर. जाळी शाळेची आहे आणि ती मी उचलली, एफ्राइन तेव्हा तुमच्याकडे होता. त्याबद्दल जे काही असेल ते माझ्यावर घाला. पार होणं म्हणजे कठडा संपून जमिनीवर चाकांवर येणं. फाटकाबाहेर जायचं कारण असं की तेवढ्या वेगात आमच्या अंगणात थांबायला जागा नाही.

आता तुमचा लाल रेघेचा शब्द. आमच्यात सुटणं म्हणजे पळणं नव्हे. बोर्ड आपल्याखाली आहे, पण आता जमणार नाही असं पायाला कळतं. तेव्हा बोर्डवरून बाजूला उडी मारायची. बोर्ड जाईल तिकडे जातो, आपण पायावर उतरतो. वेळेवर सुटलं तर काही होत नाही. उशिरा सुटलं तर दात पडतो. एफ्राइनला विचारा, पुढचा वरचा, डावीकडचा. मी त्याला लिहिलं होतं ते एवढंच, की पडू नकोस.

मला कळतं की हे सगळं मी आता रचलं असंही तुम्हाला वाटू शकतं. म्हणून सोबत टेप आहे. काल, शनिवारी, मी तिथे गेलो आणि लॉनी ट्विगने ती काढली. त्याचं वय बावीस आहे, तो सही करायला तयार आहे. टेपवर मी पुन्हा पुन्हा चढतो आणि दरवेळी सुटतो. लवकर सुटणं, मध्यावर सुटणं, उशिरा सुटणं, सगळं आहे. कोपराला लागलंय ते मध्यावरच्यामुळे. तुम्ही पत्र समोर ठेवून टेप पाहिलीत तर शब्द जुळतील.

उद्या त्या कठड्यावर लोखंडी गाठी बसवतील. नंतर मला हे कोणाला दाखवता आलं नसतं.

त्याच्या कागदांवरचा शेरा काढा, सर. रजा गेली ती गेली. शेरा काढा.

आपला
वुथी छिम

१७ मे १९९७

श्री. वुथी छिम यांस,

पत्र आणि टेप मिळाली. टेप दोनदा पाहिली. दुसऱ्यांदा ओचोआला समोर बसवून पाहिली, तुमच्या पत्रातला शब्द आणि टेपवरची कृती जुळते का हे, त्याला पत्र न दाखवता, तपासण्यासाठी. जुळली.

१० मेची रजा परत देता येत नाही. कागदांवरचा शेरा आज काढला आहे. ओचोआची सुटका, तुमच्या नव्हे तर आमच्या अर्थाने, जूनमध्ये ठरल्याप्रमाणे होईल.

शाळेच्या जाळीबद्दल मुख्याध्यापकांना कळवणं मला भाग होतं. कळवलं आहे. त्यांचा तुम्हाला निरोप येईल.

तुमच्या कोपराला टाके घालायला हवे होते असं मला वाटतं.

आर. हार्गिस

ता. क. येथील पहारेकऱ्यांची जेवणाची वेळ बदलण्यात आली आहे.

२० मे
कॅम्प

वुथी,

तुझं ७ तारखेचं पत्र मी फाडलं होतं. ‘शनिवारी मी तिथे जाणार आहे’ इथपर्यंत वाचलं आणि फाडलं. नंतर तुकडे जोडून पुढचं वाचलं, पण तेव्हाही मनात तेच होतं. शनिवारी दिवसभर मी झुडपं तोडत होतो आणि साडेबाराला हात थांबला. म्हटलं, झालं. आता त्याने केला.

मग गेल्या शुक्रवारी हार्गिसनी बोलावलं. टीव्ही लावलेला. म्हणाले, “बस. मी जिथे थांबवीन तिथे सांगायचं, हे काय आहे.” पडद्यावर हिरवा कठडा. आणि तू.

मला उठून जावंसं वाटलं. पहिल्याच वेळी तू चढलास, आणि तू बरोबर चढला होतास. पाठमोरा. माझ्या उलट बाजूने, आरशात बघावं तसा. मग वेल्डच्या अलीकडे उडी मारलीस. हार्गिसनी टेप थांबवली. “हे?” मी म्हटलं, “सुटला, सर.” पुन्हा. “हे?” “सुटला.” मध्यावरच्या वेळी तू कोपरावर पडलास आणि लॉनी कॅमेऱ्यामागून “अरे ऊठ, मेलास का?” म्हणून ओरडला, तेव्हा हार्गिस पुढे वाकले. “हे तेच का, हाडं मोडतील म्हणतो ते?” मी हो म्हटलं. त्यांनी पत्रात बोट ठेवून बघितलं. ओठ हलत होते.

मला वाटलं, एवढंच आहे. शेवटचं यायचं होतं.

तुला माहीत आहे मी कशाबद्दल बोलतोय. ऊन जरा कललेलं आहे, तुझी बाही रक्ताने काळी झाली आहे, आणि तू वेल्डवरून जातोस. तो अडत नाही. मेण लावलं होतंस ना? कठडा संपतो. तू वळतोस. दोन्ही पाय बोर्डवर आहेत, गुडघे वाकलेले, खांदे सरळ. जमीन हातभर खाली. वुथी, ते झालेलं होतं. तिथून मी डोळे मिटूनही उतरलो असतो. तू तर माझ्यापेक्षा नीट उभा होतास, आणि हे मी पुन्हा कधी बोलणार नाही.

आणि तू उडी मारलीस. बाजूला. गवतात.

बोर्ड एकटाच खाली आला, चाकांवर, सरळ. अंगण ओलांडून फाटकाबाहेर गेला. कॅमेरा बोर्डमागे गेला आणि तसाच थांबला. मग कुठूनतरी तुझा आवाज आला, “बस. एवढं पुरे त्यांना.”

गाढवा. करायचा होतास. मी तुझ्याकडे मागितलं होतं का? चिडून लिहिलं होतं तरी ‘घे’ असंच लिहिलं होतं. सोमवारनंतर तो कोणाचाच नव्हता. आता त्याच्यावर गाठी आहेत आणि आपल्या दोघांतल्या कोणीच तो केलेला नाही. सगळ्या शहरात याहून मूर्ख दोघं सापडणार नाहीत. दोन दिवस मी तुझ्यावर आधीपेक्षा जास्त चिडलो होतो. तिसऱ्या दिवशी भांडी घासताना हसू आलं. शेजारचा विचारतो, काय झालं? मी म्हटलं, प्रार्थना.

लॉनीला सांग, ते शेवटी लाव. कापू नकोस. बोर्ड फाटकाबाहेर जातो तिथपर्यंत, मग काळा पडदा. नावं कोणाची घालायची ते मी आलो की भांडून ठरवू.

कोपर दाखव कोणालातरी. शाळेचं काय झालं ते कळव. तुझ्या आईला सांग, दातपड्याचं काम जूनमध्ये संपतंय, खोकं तयार ठेव.

आणि हार्गिस सर, हे तुम्ही वाचताय म्हणून. शेवटच्या वेळी तुम्ही टेप थांबवून विचारलंत, “हेही तेच का?” मी हो म्हटलं. तुम्ही तसं कागदावर लिहून घेतलंत. ते तेवढं दुरुस्त करा. मी खोटं बोललो.

तो सुटला नाही. त्याने सोडलं.

एफ्राइन